नव्या सुरुवातीचा सोमवार

कुरकुंभच्या कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर होतो, तेव्हाची गोष्ट. ट्रेनिंग करून आलेले मॅनेजरसाहेब म्हणाले, नवी सुरुवात म्हटली की माणसांना हुरूप येतो. सोमवारपासून नवं मशीन, नवी पद्धत. सोमवारी निघाली अमावस्या. मशीनचं बटण कुणी दाबेना.

"आज नवं काय सुरू करायचं न्हाई साहेब," आमचा जुना ऑपरेटर म्हणाला. "जुनं उरकून टाकतो."

कितीतरी दिवस पडून राहिलेला, माझ्या डोक्याला ताप झालेला माल संध्याकाळपर्यंत पॅक झाला. साहेबांनी वर कळवलं, नव्या सुरुवातीचा प्रयोग यशस्वी. मग मला विचारलं, पुढची सुरुवात कधी ठेवायची?

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पुढची अमावस्या दाखवली.