बहर गेलेलं गाव

शेजारच्या ओमानी घरात कामाला असलेली फिलिपिन्सची बाई रोज संध्याकाळी फाटक उघडून आत हाक द्यायची, "यल्ला बहर!" की दोन जुळी पोरं चपला न घालताच धावत यायची. त्या हाकेवर मीही आमच्या घरातल्या लहान मुलीला बाबागाडीत बसवून निघायचे. मला वाटायचं ती म्हणते आहे, चला बाहेर. हिंदीतलं बाहर, तिच्या तोंडात जरा आखूड झालेलं. आणि आम्ही बाहेरच जायचो, अल हैलच्या समुद्रावर, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं वाटायला जागाच नव्हती.

बहर म्हणजे अरबीत समुद्र. आता मला माहीत आहे. आमच्याकडे बहर आंब्याला येतो, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. तिने मला तिच्या गावाचा सगळा इतिहास सांगितला तो त्याआधी. मी तो मन लावून ऐकला आणि भलताच ऐकला. अजूनही तो डोक्यात सरळ बसत नाही. एक वाक्य नीट करायला जावं तर मागचं उलटं होतं. म्हणून लिहून बघते.

मी इथे ओमानमध्ये एका मराठी कुटुंबाकडे स्वयंपाक करते आणि मुलीला सांभाळते. नवरा इथून लांब, इब्रीला, हार्डवेअरच्या दुकानात आहे, सुटी मिळाली की येतो. कोकणातलं आमचं खाडीकाठचं घर बंद आहे. मी आपणहून कुणाशी बोलत नाही. घरच्या वहिनी म्हणतात, "तुम्ही बोललात की मला दचकायला होतं." पण शेजारची बाई बोलकी होती आणि मी नुसती मान हलवली तरी तिचं भागायचं. ती मला दीदी म्हणायची, मी तिला सिस्टर. तिचं हिंदी दुकानांत उचललेलं, त्यात मालकाच्या घरातलं अरबी मिसळलेलं. माझं हिंदी मोडकं.

पहिला गोंधळ मामाचा झाला. ती सारखं मामा म्हणायची. मामा आजारी, मामा ऐकत नाही, मामाला चहा. मला वाटलं, आईचा भाऊ असेल, एकटा असेल बिचारा. मग एकदा म्हणाली, "मामाने मेरे को दूध पिलाया," तेव्हा मी बघतच राहिले. मामा म्हणजे आई. त्यात घरच्या ओमानी मालकिणीलाही ती मामाच म्हणायची. म्हणजे "मामा गुस्सा" म्हटलं की इथली रागावली की तिथली, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

तिचं गाव एका बेटावर, पुढे नुसतं पाणी. पॅसिफिक म्हणतात त्याला, पलीकडे थेट अमेरिका. तिच्या पणजोबांच्याही आधीची माणसं दुसऱ्या बेटावरून होड्या घेऊन आली, माड लावले, घरं बांधली. किनाऱ्याला धरून घरांच्या चार आळ्या, एकामागे एक. एका टोकाला चर्च आणि कब्रस्तान. मासे सुकवायचे, खोबरं काढायचं. हे सगळं मला आपल्यासारखंच वाटलं, समजायला काही जड गेलं नाही.

"फिर पहली लाइन बहर गया," ती म्हणाली.

मी मान हलवली. आमच्याकडेही असंच. पुढच्या घरांतली माणसं आधी बाहेर गेली, मुंबईला, मग आखातात. त्यांनी भाच्याला नेलं, भाच्याने मेव्हण्याला नेलं.

"फिर दूसरी लाइन भी बहर."

"हां. एक गया तो दूसरा जाता," मी म्हटलं.

"हमारा घर तीसरी लाइन. अभी हमारा घर पहला."

"अच्छा हुआ."

"अच्छा?"

"पीछे था, आगे आया. अच्छा."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग जोरात हसली आणि माझ्या दंडावर चापट मारली. मला वाटलं, बरं बोललो आपण.

कब्रस्तान बहर गेलं म्हणाली तेव्हा मात्र मी अडखळले. मेलेली माणसं बाहेर कशी जातील? भांडी घासताना तेच डोक्यात. शेवटी मी ठरवलं की गावाबाहेर नवीन जागा दिली असेल, रस्ताबिस्ता झाला असेल मधे. आपल्याकडे नाही का स्मशान हलवत.

तिला एक भाऊ. विचारलं, तर म्हणाली, "भाई बहर."

"कबसे?"

"बडा तूफान आया, तबसे. बोट लाने को गया."

तुफानात सगळं गेलं म्हणून नवी बोट घ्यायला परदेशी कमवायला गेला, असं मी समजले. "फोन करता?"

तिने मान हलवली, नाही. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा राग आला. मी म्हटलं, "मेरा देवर भी ऐसाच. बाहर. कितना साल हुआ, फोन नहीं, कुछ नहीं."

तिने एकदम माझे हात धरले. डोळे भरून आले तिचे. मला कळेना, एवढं काय झालं. माझा दीर दुबईत आहे, तिथे बायकोच्या माहेरच्यांबरोबर मजेत आहे, आम्हाला विचारत नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की तिने त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. मला वाटलं, त्यांच्यात फोन यावा म्हणून लावत असतील.

आता सगळं गाव वर गेलं होतं. सरकारने किनारा राहायला बंद केला आणि डोंगरावर घरं दिली, सगळी एकसारखी. नावही तेच, पुढे फक्त नवीन लावलेलं. मच्छीमार पहाटे उतरतात आणि संध्याकाळी चढतात. तिची धाकटी बहीण वर राहते. खाली उरली तिची आई आणि आणखी थोडी म्हातारी माणसं. आई म्हणते, मुलगा आला तर कुठे शोधेल? तुफानाचे दिवस आले होते. बहीण म्हणत होती की चार माणसं लावून खुर्चीसकट उचलून नेते. पण मोठ्या मुलीने हो म्हटल्याशिवाय आईला हात लावायची तिची हिंमत नव्हती. आणि मोठी मुलगी इथे, अल हैलला, दुसऱ्यांची पोरं वाळूत खेळवत.

ती दिवसेंदिवस गप्प होत गेली. एका संध्याकाळी म्हणाली, "दीदी, तेरा भी समंदर का गांव. तू बोल. मामा ऊपर या मामा नीचे?"

ती तेव्हा समंदर म्हणाली, हे मला चांगलं आठवतं. तो शब्द तिला येत होता. मग बाकीच्या वेळी बहर का म्हणायची, हे मला आजही समजत नाही.

माझं मत कुणी विचारत नाही. पण हे मला येत होतं. मी म्हटलं, "मामा सही बोलती. भाई बाहर से वापस आयेगा, घर बंद देखेगा, तो क्या करेगा? मामा नीचेच रहे."

ती पुटपुटली, "मामा भी यही बोलती. सेम सेम." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. घरी जाता जाताच तिने बहिणीला फोन लावला. काय बोलली ते कळलं नाही, पण आवाज ठाम होता. मला इतकं बरं वाटलं होतं की त्या दिवशी पोळ्यासुद्धा छान फुगल्या.

दुसऱ्या संध्याकाळी तिने मोबाइलवर फोटो दाखवला. "देख, मामा का घर."

लाकडी खांबांवरचं घर. पुढे अंगण नाही. पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या. तिने घरावर बोट ठेवलं, "बैत." तेवढं मला येत होतं, घर. मग बोट पाण्यावर नेलं. "ये बहर. पहली लाइन यहां. दूसरी लाइन यहां. कब्रस्तान." बोट पाण्यावरच फिरत होतं. मग ते खूप लांब नेलं, फोटोच्या कडेला. "भाई."

पहिली आळी, दुसरी आळी, थडगी, बोट आणायला गेलेला भाऊ, सगळं एकदम फिरलं. आणि त्या पाण्यात उतरलेल्या पायऱ्यांवर, तुफानाच्या तोंडावर, मी एका म्हातारीला राहा म्हणून सांगितलं होतं.

"सिस्टर, नहीं! मामा ऊपर! आज के आज ऊपर!"

"कल बोला नीचे."

"कल मेरे को समझा नहीं. बहर, बाहर... मैं बोली बाहर, मतलब दुबई..."

"भाई दुबई?"

"नहीं ग बाई, मेरा देवर दुबई!"

"देवर बहर में मर गया ना?"

"जिंदा है मेला! दुकान है उसका!"

तिने तोंडावर हात ठेवला. मग हसायला लागली, पोरं खेळ सोडून बघायला लागली इतकी. मग एकदम थांबली आणि चिडली. "तू मजनून. कल ऊपर बोलती तो मैं रात को सोती." वेडी म्हणाली मला, आणि खोटं नाही ते. तिने आईला व्हिडिओ फोन लावला आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "तू बोल. मेरा नहीं सुनती. आज सुबह मैं बोली कि इंडियन भी बोलती मामा सही, तो बहुत खुश."

मी ओढणी डोक्यावरून घेतली. पडद्यावर बारीक, काळी, पांढऱ्या केसांची बाई. आमच्या गावात मासे घेऊन दारात बसेल अशी. मराठीतच म्हटलं, "आई, वर जा."

ती पुष्कळ बोलली. सिस्टरने सांगितलं, "मामा पूछती, तेरे गांव में आदमी बाहर जाता, घर बंद. वापस आता तो कैसे मालूम घर का लोग किधर?"

म्हणजे बाहेर आणि बहर हे तिने आईला तेवढ्यात समजावलं होतं, की आईनेच मनाने काही ठरवलं होतं? मला विचारायचं सुचलं नाही. मी जे खरं आहे ते सांगितलं. आमच्याकडे दारावर कोळशाने मोबाइल नंबर लिहून ठेवतात. आमच्या दारावर नवऱ्याचा आहे.

आईने मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीने दारावर रंगाने नंबर लिहिला. मोठे आकडे, लांबून दिसतील असे, पाण्याकडे तोंड करून. आई शेजारी उभी राहून आकडे तपासत होती म्हणे. मग स्वतःच्या पायाने वर गेली. खुर्ची लागली नाही. सिस्टर हे सांगताना हसत होती की रडत होती ते सांगता येणार नाही. तुफान आलं ते दुसऱ्याच बेटाकडे वळलं. मग आईला उगाच हलवलं का, असंही मला वाटून गेलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आता आई वरून फोन करते. वारा लागत नाही, शेजारणीचा कोंबडा अवेळी आरवतो, मासा वर येईपर्यंत मऊ पडतो, अशी तक्रार करते. आणि मला बोलवून घेते. तिला आमच्या बंद घरांबद्दल ऐकायचं असतं. मी सांगते, गणपतीला येतात, कुलपं काढतात, जाळी झाडतात, अंगण सारवतात.

परवा तिने सिस्टरकरवी विचारलं, "सब आते?"

मी म्हटलं, "नहीं. सब नहीं आते."

सिस्टर माझ्याकडे बघत त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. माझ्या चार शब्दांपेक्षा ते बरंच लांब होतं. आई ऐकून हसली आणि मान डोलावत राहिली.