तीन जावा आणि एक दार

दर दुसऱ्या रविवारी, दुपारची भांडी आवरली की आम्ही तिघी जावा त्याच टेबलाशी राक्षस मारायला बसतो. मी मधली. ओझरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. धाकटी नाशिक रोडला राहते, शाळेत गणित शिकवते. थोरल्यांना आम्ही अक्का म्हणतो. त्या सटाण्याला शेतावर असतात आणि या खेळासाठी एसटीने येतात. पूर्वी अक्का नाशिकला दोनच कारणांनी यायच्या: दवाखाना, नाहीतर लग्न.

सुरुवातही दवाखान्यानेच झाली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे राहिल्या. वाकायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, गॅसजवळ जायचं नाही. दुसऱ्याच दिवशी त्या काळ्या चष्म्याआडून म्हणाल्या, "मधले, मला काहीतरी काम दे, नाहीतर गाडीत बसवून दे." माझ्या मुलीचे खेळगडी नोकऱ्यांसाठी पुण्याला पांगले होते, तिचा खेळाचा डबा कपाटावर पडून होता. तिने तो खाली काढला. "मोठी आई, हा डोळे मिटूनही खेळता येतो. मी गोष्ट सांगते. त्या गोष्टीत तू काय करतेस, तेवढंच तू सांगायचं."

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकीचं एक पात्र. ते एका कागदावर लिहिलेलं असतं: हत्यार कोणतं, अंगात काय कसब, आणि जीव किती. जीव म्हणजे एक आकडा. घाव बसला की तो कमी होतो, शून्य झाला की पात्र मेलं. माझी मुलगी गोष्ट पुढे नेते आणि शत्रूही तीच चालवते. टेबलावर शत्रूंच्या जागी चिंचोके असतात, आणि आमच्या जागी अक्कांची सुपारी, माझं बटण, धाकटीचा बदाम. घाव बसला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि तो टेबलावर, सगळ्यांच्या देखत टाकायचा. "मी कुणालाही सूट देणार नाही," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. "मेलेलं परत उठणार नाही."

मी तिरंदाज झाले. धाकटीने दोन मंत्र घेतले, एक आगीचा, एक जखमा भरण्याचा. अक्कांनी ढाल मागितली, आणि लांब दांड्याचा भाला.

पहिल्या लढाईत तीन लांडगे होते. आम्ही तिघी होतो. हिशेब सरळ वाटला, प्रत्येकीने एकेक घेतला. धाकटी आणि मी कशाबशा वाचलो. अक्कांच्या ढालवालीचा जीव दोनवर आला आणि त्यांच्या कपाळाला खरोखरचा घाम फुटला. लांडगा पडल्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास संपवला आणि जाहीर केलं, "ही मेली तर मी दुसरी करायची नाही. एका जन्मात एकच बाई पुरे. मग मी आपली सटाण्याला बरी."

आम्ही हसलो. पण मला माहीत होतं, अक्का बोलतात ते करतात. चष्मा सुटून त्या घरी गेल्या, आणि पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला की रविवारी येते. हातात पिशवीभर कांदे आणि डोक्यात ढालवाली घेऊन आल्या. जावेच्या घरी, मुलांच्या परीक्षा किंवा कुणाचं आजारपण नसताना, केवळ स्वतःला वाटलं म्हणून अक्का आल्या, हे मी पहिल्यांदा पाहत होते. ती ढालवाली मरू द्यायची नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. माझ्या हातात दुसरं काही नसलं तरी कामाची आखणी असते.

मी कागद घेतला. या खेळात एक गोष्ट पक्की आहे: अर्धमेला शत्रू अर्धा घाव घालत नाही, पुरता घालतो. थांबतो तो फक्त मेलेला. म्हणजे तिघींनी तिघांना थोडं थोडं मारण्यापेक्षा तिघींनी मिळून एकाला संपवायचं, मग दुसऱ्याकडे वळायचं. दुसरी गोष्ट, मोकळ्या मैदानात उभं राहायचं नाही. अरुंद दार शोधायचं, दारात ढाल, मागे आम्ही दोघी. तिसरी गोष्ट मला माझ्या नोकरीमुळे सुचली. अक्कांचा जीव दर लढाईत संपत येई आणि माझा शेवटपर्यंत भरलेला असे. समोर काम अडलेलं आणि माल मागे शेल्फवर पडून, असा प्रकार. तर अक्कांचा जीव दहाच्या खाली आला की त्यांनी दारातून मागे यायचं आणि एखाददुसरा घाव मी झेलायचा. भाला लांब आहे, मागच्या रांगेतूनही पोचतो.

पहिल्या दोन गोष्टींना अक्कांनी मान डोलावली. तिसरीला म्हणाल्या, "मी हटायचं तर ढाल कशाला घेतली?"

"अक्का, फक्त एका पाळीपुरतं."

"तू बाण मार."

झालं. पुढच्या लढाईत मी ठरल्याप्रमाणे अक्कांच्या समोरच्या दरोडेखोरावर बाण रोखला, तर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो माझा आहे गं. तुझा तू बघ." आणि मी खरोखरच बाण दुसरीकडे वळवला! कागद माझा, आखणी माझी, आणि मीच वळवला.

धाकटी खुदकन हसली. "ताई, अक्कांच्या कढईत झारा नको घालू."

हे बाहेरच्याला सांगावं लागेल. सटाण्याच्या घरी दिवाळीला आम्ही तिघी एका स्वयंपाकघरात असतो आणि तिथे एक न लिहिलेला नियम आहे. जिने कढई चढवली तिनेच उतरवायची. दुसरीने तिच्यात झारा घालायचा नाही. भाजी लागत असली तरी लांबूनच म्हणायचं, "अक्का, जरा बघता का?" या नियमामुळे आमच्यात इतकी वर्षं एकही भांडण झालेलं नाही. आणि याच नियमामुळे आम्ही लांडग्यांकडून मार खात होतो.

माझी मुलगी हसली नाही. तिने दरोडेखोरांचे चिंचोके टेबलावर नीट लावले आणि म्हणाली, "तुम्ही तिघी एकत्र लढतच नाही. तीन चुली मांडता."

"तोंड बघा हिचं," अक्का म्हणाल्या.

ते पंधरा दिवस मी कामावर जाता-येता विचार केला. सवय मोडायला सांगून मोडत नाही, तिच्या जागी दुसरी सवय द्यावी लागते. आणि ती आमच्याकडे होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांच्या घरी मांडे होतात. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं आणि त्यावर हाताएवढी लांब-रुंद पुरणपोळी भाजायची. हे काम एकटीचं नाही. धाकटी पुरण भरते, मी मांडा दोन्ही हातांवर झेलत मोठा करते, अक्का खापराशी बसतात आणि आवाज देतात, "टाक!" त्यांनी म्हटल्याशिवाय मांडा पडत नाही आणि त्यांनी म्हटलं की क्षणभर थांबता येत नाही. त्यातला एकही मांडा कुणा एकीचा नसतो.

पुढच्या खेळाच्या रविवारी मी कागद काढलाच नाही. चहा देताना म्हटलं, "अक्का, आज मांड्यांसारखं लढू. तुम्ही खापराशी. कुणावर टाकायचं ते तुम्ही सांगायचं."

अक्कांनी बशीतला चहा संपवला. "मग असं आधी सांगायचं ना."

त्या दिवसापासून आम्ही हरलो नाही. अक्का चिंचोक्यावर बोट ठेवून म्हणत, "हा. टाक!" माझा बाण, धाकटीची आग, त्यांचा भाला, तिन्ही एकावरच. तो पडला की बोट पुढच्या चिंचोक्यावर. मुलीने शत्रू वाढवले, अंधार केला, पूल तोडला. आम्ही दार शोधायचो आणि दारात उभ्या राहायचो. एकदा तिने फासे गोळा करताना मान हलवत म्हटलं, "माझ्या मित्रांना हे जमायला दोन वर्षं लागली असती, आणि ते रोज याच गप्पा मारायचे." रात्री दही विरजताना मला ते वाक्य परत ऐकावंसं वाटलं.

तिसरी गोष्ट, अक्कांनी मागे यायची, मात्र तशीच राहिली. खापरावरून अक्का कधी उठत नाहीत. धुराने डोळे गळले तरी नाही. आखाजीला मी एकदा, जरा वेळ मी बसू का, असं विचारून पाहिलं होतं, दोनदा विचारायची पद्धत नाही.

मग आली किल्ल्याची लढाई. त्या गोष्टीचा हा शेवट होता आणि मुलीने आधीच सांगितलं होतं की यात कुणी मरू शकतं. दगडी अंगाचा राक्षस आणि त्याचे चार भालदार. भालदार म्हणजे चिंचोके. राक्षसासाठी तिने टोपलीतला सगळ्यांत मोठा कांदा उचलून टेबलावर ठेवला.

"मनाच कांदा माले मारणार का गं?" अक्का म्हणाल्या. मना म्हणजे माझा. त्या रंगात आल्या की सटाण्याची अहिराणी मध्येच डोकावते.

आम्ही धान्याच्या कोठारात शिरलो. कोठाराला एकच दार. दारात अक्कांची सुपारी, मागे माझं बटण आणि धाकटीचा बदाम. "हा. टाक!" चारही भालदार एकामागून एक पडले. पण मग कांदा दाराशी आला. आमचे घाव त्याला लागत होते, तो मात्र थांबत नव्हता. दोन पाळ्यांत त्याने अक्कांचा जीव पाचावर आणला.

"पुढचा बसला तर?" अक्कांनी विचारलं.

"त्याचा घाव कमीत कमी सहाचा असतो," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. सूट न देण्याचा नियम तिचाच होता.

धाकटी पुढे झुकली. "अक्का, माझ्याकडे एकच मंत्र उरलाय. तुमच्या जखमा भरते."

"भरून किती होतील?"

"दहा, अकरा."

"आणि त्याने परत घातला की?"

धाकटी गणिताची. तिने पेन्सिल खाली ठेवली.

पाळी अक्कांची होती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. माझं सांगून झालं होतं, तेच पुन्हा सांगितलं असतं तर त्या कदाचित हट्टाने उभ्या राहिल्या असत्या. ही सुपारी गेली तर ती एसटीही थांबेल, हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. अक्कांनाही.

त्यांनी सुपारी उचलली. जरा वेळ मुठीत धरली. मग माझ्या बटणाच्या मागे ठेवली.

"मधले," त्या म्हणाल्या, "बस खापराशी."

मी बटण दारात सरकवलं. "धाकटे, मला काही भरू नको, त्याच्यावर टाक!" धाकटीने आग टाकली आणि ती बसली, तरी कांदा उभाच. मुलीने फासा टाकला आणि राक्षसाचा घाव माझ्यावर आला. नऊ गेले. मी कागदावर खोडून लिहिलं आणि म्हटलं, "उभी आहे." इतक्या लढायांत साठवून ठेवलेला जीव अखेर कामाला आला होता.

पुन्हा अक्कांची पाळी. माझ्या खांद्यावरून भाला. फासा त्यांनीच टाकला, त्यांनीच वाकून वाचला, चष्म्याशिवाय. "सतरा."

मुलीने दोन बोटांनी कांदा आडवा केला.

धाकटीने टेबलावर हात आपटला आणि वाटीतला चिवडा उडाला. मुलगी उठून मोठ्या आईच्या गळ्यात पडली. अक्का फक्त सुपारीकडे बघत होत्या. मग त्यांचा फोन वाजला. सटाण्याहून मोठे भाऊजी, कोणत्या गाडीने येतेस म्हणून विचारत होते.

"व्हई गयं," अक्का फोनमध्ये म्हणाल्या, झालं एकदाचं. "मारला त्याला... हो, मीच. पण मागून मारला... अहो मागून म्हणजे मागून! भाला लांब आहे, पोचतो तो. दारात मधली होती... मी उठले आणि तिला बसवलं. ते सगळं तिचंच ठरवलेलं. तुम्हाला नाही कळायचं... नाही, आज नाही येत. उद्या सकाळच्या गाडीने. आणि ऐका, पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी मला परत यायचं आहे, तेव्हा कांदाचाळीचं काम त्या दिवशी काढू नका."

मी तेवढं ऐकलं आणि तो आडवा कांदा रात्रीच्या पिठल्यासाठी चिरायला घेतला. धाकटीने कढई चढवली. फोडणी जरा जास्तच तडतडायला लागली, तेव्हा मी सरळ झारा घातला.