तोंड फिरवून बोलणारा

कोळशाच्या खाणीत पहिल्याच दिवशी उस्तादानं त्याला दटावलं होतं, "बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही." कपाळावरचा दिवा मान वळेल तिकडे वळतो. कुणाकडे पाहिलं की उजेड सरळ त्याच्या डोळ्यांत, मग त्याला घटकाभर काही दिसत नाही, आणि तेवढ्यात पाऊल कुठं पडेल याचा नेम नसतो. म्हणून खाली सगळे भिंतीकडे तोंड करून बोलतात. 'हो' म्हणायचं तर मान वरखाली करायची. भिंतीवरचा उजेड वरखाली होतो आणि शेजारच्याला कळतं.

सुरुंग लावण्यात उभा जन्म गेला, तशी ही खोड अंगात मुरली. घरीही तो भिंतीशी बोलायचा. दुकानदार त्याला शिष्ट म्हणायचा. "यांनी लग्नात तरी माझं तोंड पाहिलं का, कोण जाणे," असं बायको चारचौघांत म्हणायची आणि स्वतःच हसायची. लेक निकाल घेऊन आली की हा खिडकीकडे बघत हुंकार द्यायचा. मग बायको लेकीला सांगायची, "खूश झालेत गं ते." बायको वारली आणि घरात दुभाषी उरला नाही.

पुढे लेकीनं एकदा धीर करून विचारलं, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय, त्याच्याशी लग्न करायचंय. तुम्हाला चालेल ना?" सुरुंगवाल्याचा ऊर भरून आला. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि दोनदा मान हलवली. लेकीला दिसली ती त्याची पाठ. तिनं बापाला न बोलावता लग्न उरकलं आणि दूरच्या शहरात निघून गेली. कोळशात राबणाऱ्या बापाची तिला लाज वाटते, असं यानं मनाशी धरलं. रुसून बसला. दोघांपैकी कुणी एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण दोघंही एकाच हाडाची. वर्षं तशीच गेली.

छातीनं दगा दिला तेव्हा तो इस्पितळात पडला आणि लेक धावत आली. दुपारी त्याचा खाणीतला जोडीदार भेटायला आला. तो खाटेवर टेकला आणि तोंड दाराकडे करून बोलू लागला. सुरुंगवाला भिंतीकडे बघत उत्तरं देत होता. मध्येच दोघं खो खो हसले.

लेक चक्रावली. "काका, तुमचं भांडण झालंय का?"

"छे गं! आम्ही खालची माणसं. माया असली की तोंड फिरवतो." आणि त्यानं तिला दिव्याची गोष्ट सांगितली.

जोडीदार गेल्यावर तिनं खाटेजवळ स्टूल ओढलं. मग म्हणाली, "बाबा, मी लग्नाचं विचारलं त्या दिवशी..."

"हो म्हणालो होतो की! दोनदा!"

तिनं तोंडावर पदर दाबला. "मला वाटलं, तुम्ही माझं तोंडही बघत नाही."

आपल्या हातानं आपण लेक घालवली, हे त्याला लख्ख कळलं.

"आता तरी बघा ना माझ्याकडे."

त्यानं मान वळवली. पापण्या आपोआप मिटत होत्या, त्या त्यानं नेटानं उघड्या ठेवल्या.

"तुझे डोळे घारे आहेत?"

"जन्मापासून, बाबा."