रक्त पिणारं लघवीला कुठे जातं?

महाडच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पण भुताच्या पचनसंस्थेचा धडा मला दिला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूने. मी त्यांना मावशी म्हणते.

बहीण पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. सातव्या महिन्यात भेटायला गेले तर पोरगी पांढरीफटक. अंगणातून ओटीवर चढताना धापा टाकत होती. रक्त वाढलं नाही तर बाळंतपणात जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सासूने अजूनही कोनाड्यातच टाकलेल्या. गोळ्यांनी मूल काळं होतं म्हणे. माझं डोकंच फिरलं.

"रगत कायतरी पितंय तिचं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "म्हनून उशाखाली कोयता ठेवलाय. लोखंडाला भितंय त्ये."

गोळ्यांवरून भांडण मागच्या खेपेलाच करून झालं होतं. उपयोग शून्य. म्हटलं, चला, या प्राण्याची नीट ओळख तरी करून घेऊ. दात किती, विचारलं.

"दात नाय. जीभ हाय, सुईसारखी. टाचेतनं पितं, म्हनून चाव्याचा वन दिसत नाय."

हाडंही नव्हती. दाराच्या फटीतून यायचं तर हाडं कशी चालतील? पोट मात्र होतं, आणि ते भलतंच नाजूक. कोंबडीचं रक्त सोसत नाही, पोटुशीचंच लागतं. काय एकेकाचे नखरे.

"आणि एवढं पिऊन लघवीला कुठे जातं?" मी विचारलं. रक्त पिणारं वटवाघूळ पिता पिताच मुततं, नाहीतर त्याला उडता येत नाही, हे सांगितलं की माझा वर्ग खिदळतो. मावशी खिदळल्या नाहीत.

"सकाळी अंगनात वलं नसतं काय?"

इतकी वर्षं मी त्याला दव म्हणत होते.

"मग मावशी, ते पितं टाचेतून आणि कोयता डोक्याशी. त्याला काय फरक पडतो? लोखंड तिच्या रक्तातच घाला. पहिल्याच घोटाला पोट बिघडेल मेल्याचं."

मावशींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "आनि प्वार काळं झालं तर?"

"होऊ दे काळं. हिला काही झालं तर मी काय करू?" हे बोलताना मला रडू फुटलं. थट्टा तिथेच संपली.

मावशी उठल्या, कोनाड्यातली गोळी काढली आणि लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर सुनेला गिळायला लावली. चार दिवसांनी मावशींचा फोन आला. सुनेला काळी शी झाली होती. "मेलं गो त्ये. भायेर पडतंय." लोहाच्या गोळीने तसं होतंच, पण मी तोंड उघडलं नाही. गोळ्या चालू राहिल्या.

बाळंतपण महाडला झालं. मुलगी. दोघी सुखरूप. पोर बापावर गेलेली, चांगली काळी. आता बाई काय बोलते म्हणून मी पदर खोचून तयारच होते. मावशींनी नातीला खिडकीपाशी उजेडात धरलं, टाचा उलटसुलट करून बघितल्या आणि सुनेच्या कुशीत ठेवलं.

"लोखंड उतरलंय हिच्यात," त्या म्हणाल्या. "हिला कोन हात लावायचं नाय."