साध्या कॉलवरचं दर्शन

अव्वा, म्हणजे माझी आई, गेली ती ऐन गड्ड्याच्या जत्रेत. आमचं घर मैदानाला लागूनच, त्यामुळं दुःखालाही पाळण्यांच्या भोंग्याची साथ. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. अव्वाला भिंतीशी खुर्चीत बसवलं होतं, कपाळभर विभूती. मी समोर होतो, पण बघत होतो खिडकीबाहेर. रडू येत नव्हतं. पाळण्याच्या फेऱ्या मोजत होतो.

पुण्याहून अक्काचा, थोरल्या बहिणीचा, फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, खाटेवरून उठता येईना.

"तम्मा, व्हिडिओ लाव. एकदा बघू दे तिला."

लावला. रेंजच्या दांड्या पूर्ण, पण चकती नुसती फिरत राहिली. सगळ्यांत स्वस्त रिचार्ज मारणारा मी, आणि घरभर त्याची शेखी मिरवणाराही मीच. मेहुणा टॉवरच्या कामावर असतो. त्यानं फोन बघितला.

"दाजी, सगळी जत्रा एका टॉवरवर हाय. गर्दीत कंपनी आधी साधा कॉल सोडती, नेट मागनं. त्यातबी आधी महागडे प्लॅनवाले. तुमी शेपटाला."

"मग तुझ्यावरनं लाव की."

त्याच्या फोनवर दोन सेकंद अक्काच्या खोलीचं छत दिसलं, मग तेही थिजलं. तासाभरात न्यायचं होतं.

साधा कॉल लावला. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"तूच सांग," अक्का म्हणाली. "आणि तिखटमीठ लावू नको."

एरवी कोथिंबीर आणायला गेलो तरी अर्ध्या तासाची गोष्ट करून सांगणारा माणूस मी. त्या दिवशी बघून बघून सांगावं लागलं. सकाळपासून तेव्हा पहिल्यांदा अव्वाकडं नीट बघितलं.

"हिरवं इरकली लुगडं नेसवलंय."

"निऱ्या?"

"सरळ हायत. मान जरा डावीकडं गेलीय."

"मग उशी लाव की. मान दुखती तिची."

मी उशी लावली. लावली म्हणून सांगितलं.

"तोंड?"

"किंचित उघडं. कायतरी सांगायला लागल्यागत."

अक्कानं फोन ठेवला नाही, मीही नाही. माणसं उचलायला येईतोवर नुसता श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जत्रेची गर्दी अजून जमायची होती. अक्काचा व्हिडिओ पहिल्याच रिंगला लागला, चित्र लख्ख. काय दाखवावं कळेना, म्हणून फोन अव्वाच्या रिकाम्या खुर्चीकडं वळवला.

"उशी काढली न्हाईस व्हय?"

"न्हाय."

"राहू दे," अक्का म्हणाली. "आज राहू दे."