सर्टिफिकिटं माझ्याआधी निघाली

माझ्या आयुष्यातली एकमेव चांगली नोकरी शेजाऱ्यांच्या देवघरात राहिली.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्या वर्षांत सगळ्यांना एकच स्वप्न पडायचं: नवी खासगी कंपनी! तिरुचीच्या अशाच एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं. डिग्री घेऊन तीन वर्षं मी अम्माचे पापड राखत होतो. ही संधी गेली, तर मामाच्या भाताच्या गिरणीत पोती शिवणं ठरलेलं होतं.

मुलाखत माझी एकट्याची. पण आप्पांनी सहल काढली! "सकाळच्या पॅसेंजरनं जाऊं. तूं आंत उत्तरं दे, आम्ही श्रीरंगम करूं. संध्याकाळच्या गाडीनं परत!"

"मीही येतों!" शेजारचे भीमरावकाका कुंपणापलीकडून ओरडले.

अडचण एकच. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ, आणि गाडी आठची! आप्पांनी तोड काढली: प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या वेळी थोडं सामान शेजारी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला असं देव धरून चालतो (देवही किती भोळा!). निघताना ते उचलायचं. पहाटे सहाला आप्पा फडक्यात नारळ बांधू लागले.

"माझी सर्टिफिकिटंही घाला," मी म्हणालो.

"कशास रे? नारळ पुरे."

"मुलाखत नारळाची नाही, आप्पा!"

एवढी अक्कल मी त्याआधी कधी पाजळली नव्हती. गाठोडं काकांच्या देवघरात गेलं.

निघताना चिंचेच्या भाताचा डबा, पाण्याचा कुजा, अम्माची छत्री, सगळं आठवणीनं घेतलं. गाठोडं आप्पांनी घेतलं असं मला वाटलं, आणि मी घेतलं असं आप्पांना. बुदलूर स्टेशन गेल्यावर अम्मानं डबा उघडला, तेव्हा मी विचारलं, "गाठोडं कोठें आहे?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांच्या तोंडात घास होता.

"देवासमोर आहे की! काळजी नको, कुलूप घालून आलों," म्हणत त्यांनी कमरेची किल्ली काढून दाखवली!

मी साखळी ओढायला उठलो.

"अय्यो, बैस खालीं!" आप्पा गरजले. "निघालेल्या माणसानं मागें फिरूं नये!"

मुलाखतीत साहेबांनी हात पुढे केला. "सर्टिफिकेट्स?"

"सकाळी सहालाच निघालीत, सर."

"मग एव्हाना पोचायला हवी होती," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळच्या गाडीत सगळे खुशीत होते. श्रीरंगमला दर्शन छान झालं होतं. मी खिडकीकडे तोंड करून रडलो. "वेळ उत्तमच होती," आप्पा म्हणाले, "तुझंच नशीब खोटं." त्या दिवशी त्यांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

मामाच्या गिरणीत पोती शिवता शिवता माझे केस पिकले. त्या गाठोड्याची गाठ मी आजतागायत सोडलेली नाही (आतल्या नारळाचं काय झालं असेल, ते विचारू नका!). शास्त्राप्रमाणे पाहिलं, तर त्या नोकरीसाठी मी केव्हाच निघालोय, तेही उत्तम मुहूर्तावर. फक्त अजून शेजारच्या घरापर्यंतच पोचलोय!