एका बंडलात किती मीटर

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी केली, तिथे पाण्याच्या पंपांच्या मोटारी बनायच्या. बी.कॉम. झाल्यावर एकोणऐंशी साली मी तिथे स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून लागले. तेव्हा प्रत्येक वस्तूचं एक जाड कार्ड असे. माल आला की जमा, दिला की खर्च, आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक. वार्निशचा वास त्या कार्डांना असा लागलेला असायचा की रविवारीसुद्धा माझ्या बोटांना तो यायचा.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खाली गालिचा, एसी. चपला बाहेर काढून आत जायचं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी स्टोअरचा हिशेब त्यावर घ्यायचं ठरवलं. साहेब कमी बोलणारे, कडक. त्यांच्यासमोर जायचं म्हणजे मी पदर सारखा करून जायची. त्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "शिकाल का?"

क्लास कॉलेज रोडला होता, संध्याकाळचा, ऑफिस सुटल्यावर. माझी मुलगी तेव्हा लहान होती. सासूबाई कळवणहून थोड्या दिवसांसाठी आमच्याकडे इंदिरानगरला आल्या होत्या. मी घरी विषय काढला, तर यजमान काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "जाय तू. पोरगी काय तुझी एकटीची हाय का?"

क्लास संपेपर्यंत त्या राहिल्या, आणि पुढेही कितीतरी महिने. कळवणला त्यांच्या म्हशी होत्या, शेत होतं, बोलायला चार बायका होत्या. इथे दोन खोल्या आणि एक गॅलरी. कंटाळा येत असणारच, पण तसं त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. मी घरी पोचायची तेव्हा मुलगी जेवून झोपलेली असे आणि माझं ताट झाकलेलं असे.

स्प्रेडशीट पहिल्यांदा पाहिली ती त्या क्लासमध्ये. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलायची. कार्डांवर खाडाखोड करून करून मी जे करत होते, ते डोळ्यांदेखत क्षणात होताना पाहून मला मनापासून आनंद झाला. कामावर परत आल्यावर मी एकेक वस्तू त्यात चढवू लागले. लवकरच लक्षात आलं की नुसते आकडे लिहून भागत नाही. तांब्याची तार किलोत, वार्निश लिटरमध्ये, नटबोल्ट नगात. म्हणून वस्तूच्या नावाशेजारी मी एककाचा रकाना केला. केबलची गंमत अशी, की ती यायची बंडलात आणि आम्ही द्यायचो मीटरमध्ये; जुन्या कार्डावर नुसती उघडलेली बंडलंच खर्ची पडायची. खरेदी विभागाच्या कागदावर एक बंडल म्हणजे शंभर मीटर असं लिहिलेलं होतं. मी बंडलाला शंभराने गुणायचं सूत्र घातलं आणि पुढच्या ओळीकडे वळले.

स्टोअरमध्ये माल मोजून देणारे एक गृहस्थ होते. निफाडजवळच्या खेड्यातून रोज एसटीने यायचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणायची. लांब टेबलाच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली होती; तिच्यावर केबल ताणून ते मीटर मोजायचे आणि कापून द्यायचे. मोजताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

सहामाही मोजणी झाली आणि केबल कमी भरली. थोडीथोडकी नाही, बरीच. बाकी सगळा माल जुळला, केबलच नेमकी कमी. आणि केबलला हात लागायचा तो एकट्या दादांचा. कुणी उघड आरोप केला नाही, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर त्यांच्याशेजारी कुणी बसलं नाही. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि स्टोअरच्या किल्ल्या पुढ्यात ठेवल्या.

"ताई, मशीन खोटं बोलत नाय म्हनत्यात. मग खोटा कोन? मीच ना?"

मी म्हटलं, "दादा, मशीनला आपण जे सांगतो तेवढंच त्याला कळतं. बसा जरा. तुम्ही मोजता कसं ते मला दाखवा."

ते बसले नाहीत. उभ्यानेच टेबलाकडे गेले, केबल ताणली, मोजली. मी टेपने तपासलं. बरोबर एक मीटर. पुन्हा एकदा, पुन्हा बरोबर. मग मी सहज विचारलं, "एका बंडलातून तुमचे किती मीटर निघतात?"

"ते कोन मोजतंय, ताई? हे संपलं की दुसरं सोडायचं. पन जुन्या पार्टीचं लवकर संपतं, येवढं खरं."

बंडलं दोन पुरवठादारांकडून यायची. एक नवा, एक पूर्वीपासूनचा. मी तडक साहेबांकडे गेले. त्यांच्या टेबलावर मोजणीचा तक्ता होता आणि ते फोनकडे हात नेत होते. कुणाला फोन करणार होते ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

"सर, दोन बंडलं पूर्ण उलगडून मोजायची परवानगी हवी."

"पूर्ण? कुठे उलगडणार?"

"बाहेर, रस्त्यावर."

साहेबांनी तक्ता बाजूला सारला. "चला," म्हणाले, आणि उठले.

कारखान्याच्या आत फाटकापासून कॅन्टीनपर्यंत सरळ डांबरी रस्ता होता. दादांनी नव्या पुरवठादाराचं बंडल सोडलं, ते शंभर मीटर भरलं. मग जुन्याचं. मोटारींना तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंग विभागातल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या, कॅन्टीनवाला दारात येऊन उभा राहिला. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं खुद्द साहेबांच्या. केबल संपली तिथे साहेब वाकले, आकडा वाचला, पुन्हा वाचला. एक्क्याण्णव मीटर आणि वर थोडं.

"शंभर वार, मीटर नव्हेत," ते म्हणाले. "हे लोक अजून वारातच बंडल बांधतात."

आवकीच्या कागदांत जुन्या पुरवठादाराची किती बंडलं आली ते मी पाहिलं, आणि त्यांच्यासाठी वेगळा गुणक घालून सूत्र बदललं. तूट जवळपास सगळी गेली. उरली ती कापाकापीत वाया जाणाऱ्या तुकड्यांएवढी.

साहेबांना हे केबिनमध्ये बसून मिटवता आलं असतं. ते तसं करणार असंच मला वाटलं होतं. पण ते स्टोअरच्या खिडकीशी आले, माल न्यायला दहा-बारा माणसं उभी होती तिथे, आणि दादांना म्हणाले, "चूक आमच्या कागदात होती. तुमची मोजणी बरोबर आहे. मी तुमची माफी मागतो." दादांनी मान हलवली आणि समोरच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली.

त्यानंतर खरेदीच्या प्रत्येक कागदावर बंडलाऐवजी मीटर लिहायचा नियम झाला. पुढे स्टोअरचा ताबाही माझ्याकडे आला. माझ्या हुशारीचं कौतुक झालं तेव्हा मला संकोच वाटायचा. कळवणच्या एका बाईने आपलं घर सोडून माझं घर धरलं नसतं, आणि कमी बोलणाऱ्या एका माणसाने टेपचं टोक धरलं नसतं, तर माझं स्प्रेडशीटचं ज्ञान कुणाच्या काय कामाचं होतं?

त्या वर्षी द्राक्षांच्या हंगामात दादांनी आम्हाला घरी बोलावलं. सासूबाई, मुलगी आणि मी एसटीने गेलो. त्यांच्या बायकोने चुलीवरच्या भाकरी वाढल्या, पिठलं, ठेचा. जेवताना त्या गोष्टीचा विषय कुणीच काढला नाही. सासूबाई आणि दादांची बायको म्हशींच्या वेतांबद्दल बोलत राहिल्या. कितीतरी दिवसांनी मी सासूबाईंना इतकं मोकळं बोलताना पाहिलं.

निघताना दादांच्या बायकोने माझ्या ओटीत द्राक्षं घातली आणि माझा हात धरून ठेवला.

"तुमी त्यास्नी ईचारलं, ताई," त्या म्हणाल्या. "लोक ईचारत नायत."

पुढच्या महिन्यात मी सासूबाईंना कळवणला पोचवायला गेले आणि रजा टाकून आठवडाभर त्यांच्याजवळ राहिले.